नऊचा चहा

नायिफने अम्मानमध्ये भाषांतराची कचेरी काढली. त्याचा मुलगा शुक्री याने तिला नाव मिळवून दिले. शुक्रीचे चिरंजीव बुरहान यांनी ती चाळीस वर्षे चालवली आणि थकल्यावर ते लेकीकडे राहायला गेले. या तिघांनीही एक नेम कधी मोडला नाही: सकाळी नऊ वाजता मालक आणि कामकरी एकाच मेजाभोवती बसून मरामियाच्या पानांचा चहा घेत, मगच कागदाला हात लावत.

चौथा बुरहान यांचा मुलगा कुसै. त्याने कचेरीला कुलूप लावले, आठही जणांना घरून काम दिले. नेम मात्र सोडला नाही. नऊच्या ठोक्याला प्रत्येकाने पेला हाती घेऊन संगणकाच्या पडद्यावर हजर व्हायचे. घराण्याची रीत आपण राखली, याचा त्याला फार अभिमान होता.

फक्त हिकमतची चौकट दोन महिने काळी होती.

“अबू रकान, आमची तोंडं बघवत नाहीत का?” कुसैने हिकमतला मुलाच्या नावाने हाक मारत सर्वांदेखत विचारले.

“कॅमेरा बिघडलाय, उस्ताद.”

“दोन महिने? की दुसऱ्या मालकाच्या शेजारी बसलायत?”

“दुसरी बायको केली असेल हो!” शेजारच्या चौकटीतून समीरा म्हणाली. सगळे हसले.

काळ्या चौकटीतून कुणा परक्या पुरुषाचा खोकला ऐकू आला आणि घाईने आवाज बंद झाला. कुसैला पुरावा मिळाला.

गुरुवारी कामावरून काढल्याचे पत्र खिशात घालून त्याने हिकमतचे दार ठोठावले.

“ते कचेरीत गेले की,” हिकमतची बायको म्हणाली. “रोज आठला जातात.”

“कुणाच्या कचेरीत?”

“तुमच्याच! असं काय विचारता?”

जुन्या कचेरीचे कुलूप खरोखरच उघडे होते. मेजावर सगळ्यांचे पेले मांडलेले. मालकाच्या खुर्चीत, गळ्यात टाय बांधून, बुरहान बसले होते.

“हिकमत, आई कशी आहे?”

“बरी आहे, साहेब. तुम्हाला सलाम सांगितलाय.”

हिकमतची आई जाऊन सहा वर्षे झाली होती.

कुसैला पाहून हिकमत उठून दाराशी आला. “इथं यायचा रोज हट्ट धरतात, म्हणून ताईंकडून मीच घेऊन येतो,” तो हळूच म्हणाला. “आपण सगळं विसरत चाललोय हे तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती, भान होतं तेव्हा. माझी आई अंथरुणाला खिळली होती ना, तेव्हा दोन महिने हेच रोज तिच्या उशाशी येऊन बसायचे. आज माझेही दोन महिने भरले, उस्ताद. ऋण फिटलं.”

कुसैचा हात खिशातल्या पत्रावर गेला आणि तिथेच राहिला. त्याला मान वर करवेना.

“दारात काय उभा राहिलास?” बुरहान यांनी हसून पेला पुढे केला. “ये, बस. नवा दिसतोस. घरी वडील कसे आहेत?”