माश्यांचा फोन

"आत या सर, पण दार हळू लावा," म्हणत तिने सरांना जवळजवळ ओढतच टेबलापाशी नेलं. प्रयोगशाळेत तिला सगळे माशीबाई म्हणत, आणि आज माशीबाईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

टेबलावर झाकणाचे दोन डबे. दोन्हींत पिकल्या केळ्यावर बसतात तसल्या बारीक माश्या आणि एकेक साधा मोबाइल. डावीकडचा बंद. उजवीकडच्याला ती रोज संध्याकाळी फोन लावायची. तो घंटी न वाजवता आपोआप उचलला जाईल अशी सोय केली होती. पडद्यावर सेकंद पळू लागले की आपला फोन पालथा ठेवून ती तासभर कामाला लागायची. माश्यांशी बोलणार काय, कपाळ?

"उजवीकडे अंडी निम्मी, सर. लहरींचाच परिणाम." हे ठरलं तर प्रबंध मार्गी, नाहीतर चार वर्षं पाण्यात.

"मोजली कोणी?"

"मीच."

"हं. आईला विचारलं तर पोर गुटगुटीतच असतं."

तेवढ्यात आईचा फोन आला. "अगं, तुझ्या बाबांना झालंय काय? संध्याकाळ झाली की तू पाठवलेला फोन घेऊन गच्चीत जातात. तासाभराने हसत खाली येतात."

"बरं आहे की," म्हणून तिने फोन ठेवला. चांगली नोकरी सोडून ती माश्या पाळायला निघाली, तेव्हापासून बापलेकीचा अबोला होता. मोडेन पण वाकणार नाही, दोघंही तसलीच. तरी डब्यांसाठी मोबाइल घेताना तिने तसलाच एक बाबांसाठी घेतला, एकाच बैठकीत सगळ्यांत सिम घातली आणि तो आईच्या हाती पाठवला. स्वतः मात्र त्यांना कधी लावला नाही. जीव तुटायचा, पण नाही लावला.

सरांनी घड्याळ पाहिलं. "वेळ झाली ना तुझी? लाव. आज स्पीकरवर टाक, माश्या काय म्हणतात ऐकू तरी."

ती हसली. फोन लावला. सेकंद पळू लागले. सरांनी उजव्या डब्याचं झाकण उचललं. आतल्या मोबाइलचा पडदा काळाच होता.

"आलीस का ठमे?" स्पीकरमधून बाबा म्हणाले. "आजही बोलू नकोस, चालेल मला. काल कुठवर आलो होतो आपण?"