पिवळ्या रेघेच्या अलीकडे

तिसऱ्यांदा शिट्टी झाली आणि मिस्त्री सरावाच्या खोलीच्या उघड्या दाराशी येऊन उभे राहिले. आज चुकले तर नव्या विभागात जागा नव्हती, आणि जुनी भट्टी महिनाअखेर बंद होणार होती.

शिकवणारी मुलगी त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाची. भट्टीच्या धुरातला कार्बन वायू वेगळा कसा काढायचा, दाबून नळातून कसा न्यायचा, जमिनीच्या पोटात कसा कोंडायचा, हे तिने दोन दिवस फोड करून सांगितलं होतं. थोडा सोडावॉटरलाही लागतो म्हणाली, तेव्हा वर्गात हशा पिकला होता. लेखी पेपरात मिस्त्रींनी बरे मार्क मिळवले. घोडं अडलं ते इथे.

या वायूला ना रंग, ना वास. गळला की खाली साचतो आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो. म्हणून आत कोणी पडलेलं दिसलं तरी दारातली पिवळी रेघ ओलांडायची नाही. घंटा दाबायची, आणि पाठीवर हवेची टाकी बांधलेली माणसं येईपर्यंत बाहेर थांबायचं. मिस्त्रींना हे तोंडपाठ होतं. पण कापडी पुतळा आडवा दिसला की पायच ऐकत नसत. भट्टीवर तीस वर्षं एकच रीत पाळली होती, कोणी पडला की जवळ असेल त्याने ओढून काढायचा. आधीच्या दोन्ही वेळा मुलीने फळ्यावर लिहिलं होतं, ‘मृत दोन’.

ओढाओढीत पुतळ्याचा खांदा उसवला, म्हणून आज त्याच्या जागी मिस्त्रींचा मेहुणाच आत गेला. तो पहिल्याच दिवशी पास झालेला. मी मेलो तरी चालेल भावोजी, पण घरी ताईला तोंड तुम्हाला दाखवायचंय, असं जाताजाता म्हणाला.

मेहुणा जातिवंत नकल्या. गळा धरला, गुडघ्यांवर आला, पालथा पडला. मग हललाच नाही.

मिस्त्रींनी घंटा दाबली. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि उभे राहिले. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. त्यांनी नुसती मान वळवून मुलीकडे पाहिलं. तिने नजर घड्याळावरून उचलली नाही. चौथ्या मिनिटाला टाकीवाले आले आणि त्यांनी मेहुण्याला उचलून बाहेर आणलं.

“पास,” मुलगी हळूच म्हणाली. “बरोबर केलंत काका. असंच करायचं असतं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने उठून गुडघे झटकले, मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. हसायला मात्र त्याला जरा वेळ लागला.

“पालथ्या माणसाला तिथून फक्त तुमचे बूट दिसतात, भावोजी,” तो म्हणाला. “एकदाही हलले नाहीत.”