सकवारबाईंचा सूर्य

सूर्यात अणू जुळून ऊर्जा निघते तशी वीज इथे, मद्रासेत बनवायचा कायदा विधानसभेत पास झाला की वीज जवळपास फुकट, मग इडलीचं पीठ वाटण्यातून हात सुटले, असा सकवारबाईंचा चोख हिशेब होता. कायदा पास झाल्याची बातमी रेडिओवर आली त्याच दिवशी त्यांनी विजेचा ग्राइंडर आणला आणि दगडी रगडा शेजारच्या मामींना देऊन टाकला. "फिरवा तुम्ही दगड, मामी! आमच्याकडे सूर्य येतोय!"

पुढचं वीजबिल दुप्पट आलं. या नव्या विजेच्या संशोधनाचा खर्च कायद्याने घरोघरच्या विजेवरच बसवला होता. "तुझा सूर्य तीस वर्षांनी येणार गं," म्हणत नवऱ्याने ग्राइंडरची पिन उपटली.



आता सकवारबाई रोज मामींच्या पडवीत आपलाच रगडा फिरवतात. मामी "आला का हो सूर्य?" विचारतात आणि भाडं म्हणून अर्धं पीठ काढून घेतात.