बॉल कुठे पडला?

टेनिसमधलं ओ की ठो न कळणारी वसुधा यंदा विम्बल्डनचा एकही सामना चुकवत नव्हती. फोन सतत कानाला असायचा, आणि नवरा खोलीत आला की आवाज खाली यायचा. मोरेश्वरच्या मनात पाल चुकचुकली.

फायनलच्या दिवशी तो दाराआडच थांबला.

"बॉल रेषेवर पडला... हो, आपलाच पुढे आहे, दादा."

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. लहानपणी दोघं शेजाऱ्यांच्या टीव्हीवर टेनिस बघायचे. जमिनीच्या वाटणीनंतर मोरेश्वरने त्याचं नाव टाकलं होतं.

"त्याच्याकडे टीव्ही नाही?" तो तडकला.

"आहे. डोळे गेलेत," वसुधा म्हणाली. "बॉल कुठे पडला, ते टीव्हीवाले सांगत नाहीत."

मोरेश्वरने तिच्याकडून फोन घेतला.

"दादा, हिला काही कळत नाही. ऐक, मी सांगतो."