सोमवारच्या पुड्या

घड्याळवाल्या काकांनी दोन घोट घेतले आणि पेला बाजूला सारला. सकाळपासून असा अर्धवट राहिलेला हा चौथा पेला.

"आवडलं नाही का?" तिने विचारलं.

"छे, तसं नाही. पोटच जरा..." काकांनी रुमालाने ओठ टिपले. "तुझे बाबा होते तेव्हाची गोष्ट वेगळी होती, एवढंच."

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. सफरचंदाचा गरम रस तोच, पातेलं तेच, आलं ठेचायचा खलबत्ताही तोच. फरक एकच होता. लवंग, दालचिनी आणि वेलची तिने या वेळी नाक्यावरच्या मोठ्या दुकानातून आणली होती. आत्याच्या दुकानाची पायरी चढायला धीर होत नव्हता.

आत्या नात्यातली नव्हती. मसाल्यांच्या दुकानातली ती म्हातारी सगळ्या बाजाराचीच आत्या होती. चाळीस वर्षं ती बाबांना माल देत आली होती. बाबा मनातलं बोलायचे ते फक्त तिच्यापाशी. आपल्याबद्दल काय काय बोलले असतील, याचीच भीती होती.

दोन वर्षांपूर्वी ती स्वतः महिनाभर तापाने अंथरुणावर होती. बाबांनी एकट्याने रस-सरबताचं दुकान रेटलं. ती परतली तेव्हा लगेच तिच्या लक्षात आलं, की बाबांचा हात उतरलाय. गरम रस पुळचट, पुदिन्याचं सरबत म्हणजे नुसतं साखरपाणी. वय झालं, दुसरं काय. बाबा चमच्याने चव घेऊन "जमलंय" म्हणाले, की ती मान डोलवायची. त्यांची पाठ वळली, की लवंगेची आणखी चिमूट टाकायची, मग अजून एक. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली होती. त्याचाही दोष तिने बाबांच्या हातालाच दिला.

त्यांनाही कुठेतरी जाणवत असावं. मधूनच ते पुदिन्याचं पान चुरडून तिच्या नाकाशी धरायचे.

"येतोय का गं वास?"

तिला गलबलून यायचं. "येतोय ना, मस्त येतोय," असं घाईघाईने म्हणून ती कामाला लागायची.

मग तो दिवस आला. दुकान भरलेलं होतं, काकाही होते. बाबांनी चमचा तोंडाला लावला आणि म्हणाले, "लवंग फार झालीय गं."

ती पहाटेपासून उभी होती. "बाबा, तुम्हाला चव कळत नाही आता. किती दिवस सांभाळून घ्यायचं मी?"

काकांनी उगाच मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बाबांनी चमचा धुतला, पुसला, खिळ्याला अडकवला. पुन्हा कधी त्याला हात लावला नाही.

पुढच्या आठवड्यात म्हणाले, "मसाला मी आणत जातो. तेवढं तरी राहू दे माझ्याकडे."

तिने राहू दिलं. दर सोमवारी ते पिशवी घेऊन निघायचे, पुड्या आणून स्वतःच्या हाताने बरण्या भरायचे, तिला हात लावू द्यायचे नाहीत. हळूहळू गिऱ्हाईक परत आलं. बघा, मी म्हणत होते ना, असं तेव्हा तिला वाटलं होतं. पुढे मात्र ते बोलणं आठवून स्वतःचीच लाज वाटायला लागली. माफी मागायची रोज ठरत होतं आणि रोज राहून जात होतं. एका सकाळी बाबा उठलेच नाहीत.

दुपारी दुकान बंद करून ती आत्याकडे गेली.

"या राणीसरकार," आत्या म्हणाली. "बाप गेला, तशी इकडची वाटही विसरलीस. मोठ्या दुकानाची पिशवी पाहिली हं मी तुझ्या हातात."

"चुकलं माझं. बाबा न्यायचे तोच माल दे."

आत्याचे हात थांबले. "तो कशाला तुला?"

"लोकांना त्यांचीच चव हवीय. माझ्या हातचं कोणी संपवत नाही." तिने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "आत्या, मी त्यांना चारचौघांत बोलले. चव कळत नाही म्हणाले. तुला सांगितलं असेल त्यांनी."

"सांगितलं होतं."

"वाईट वाटलं होतं?"

"फार." आत्या कोणाचं मन राखायला खोटं बोलणारी नव्हती. "इथेच बसला होता, तू बसलीयस तिथे. चहा दिला तर तोही प्यायला नाही."

तिने मान खाली घातली. आत्या उठली, आतल्या अंधाऱ्या खोलीत गेली आणि एक धुळकट पोतं ओढत घेऊन आली. तोंड सोडून तिने मूठभर लवंगा काढल्या, कागदावर टाकल्या.

"हा तुझ्या बापाचा माल. तीन वर्षांचा जुना. वास पार उडालाय, फुकटसुद्धा कोणी नेणार नाही."

ती कागदाकडे बघतच राहिली. मग तिचा आवाज चढला. "आणि हे तू त्यांच्या गळ्यात मारलंस? त्यांना वास कळत नाही हे माहीत असून? चाळीस वर्षांचा संबंध ना तुमचा?"

आत्याने पोत्याचं तोंड सावकाश बांधलं.

"मी काढतच नव्हते गं. त्यानेच हट्टाने शोधून काढायला लावला. म्हणाला, ताप गेला तो माझ्या पोरीचं नाक घेऊन गेला, मुठीमुठीने टाकते बिचारी. तिला कळू देऊ नकोस, मी आहे तोवर निभावून नेईन."