अर्धा इंच बाहेर

"एवढी महागडी कंपनी हवीय कशाला?" माईने कात्री खाली ठेवत विचारलं. कापड बेतायच्या टेबलावर लेक लॅपटॉप उघडून बसली होती आणि काही केल्या ऐकायला तयार नव्हती.

कॅन्सरमुळे एका बाजूचा स्तन काढून टाकलेल्या बायकांसाठी माई आतून भरलेल्या ब्रा शिवायची. दुकानातल्या टोचतात, सरकतात. माईची बसली की बसली. लेक दुसऱ्या शहरात वेबसाइटी बनवायचं काम करायची. तिनेच आईला ऑनलाइन दुकान थाटून दिलं होतं, आणि ते बरं चाललंही होतं. मग महिन्यापूर्वी एका शिक्षिकेचं पत्र आलं. माईकडे पैसे भरल्याला दोन दिवस झाले नाहीत, तोच वर्गात पडद्यावर धडा दाखवताना मधेच तसल्याच ब्राची जाहिरात उगवली. मुलं हसली. दुकानासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीने कोण काय विकत घेतं याची माहिती जाहिरातवाल्यांना विकली होती.

माईचं डोकं फिरलं. मेल्यांनी बायकांची अब्रू बाजारात मांडली, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली. शिक्षिकेचं नाव, गाव, शाळा, सगळं सांगून.

म्हणून लेक दोन दिवसांची रजा काढून आली होती. वाळलीस गं, असं माई आल्या आल्या म्हणाली, तर कामाचा ताण आहे म्हणून तिने विषय उडवून लावला. पैसे घ्यायला तिने शोधलेली नवी कंपनी युरोपातली होती. तिथला कायदा कडक. गिऱ्हाइकाची माहिती अशी परस्पर विकायची सोय नाही, गरज संपली की पुसून टाकायची. त्यावर लेकीने स्वतःचं आणखी एक कुलूप घातलं होतं. नाव कंपनीपाशीच राहणार. माईला दिसणार नुसता क्रमांक, मापं आणि सूचना. पार्सल घरी न जाता कुरिअरच्या केंद्रावर जाणार, तिथे क्रमांक सांगून जिचं तिने उचलायचं.

जास्तीचे पैसे माईने एकवेळ सोसले असते. पण नाव दिसणार नाही म्हटल्यावर तिला राहवेना. "अगं, मला कळलं तर काय बिघडलं? मी काय परकी आहे?"

लेकीने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "त्या कंपनीने निदान पैसे घेऊन विकलं. तू फुकट वाटतेस, आई."

आणि तिने मावशीचा विषय काढला. माईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या नात्यात ठाऊक होतं. पाठच्या बहिणीला हाच आजार झाला, तेव्हा एकाच संध्याकाळी माईने झाडून सगळीकडे फोन केले होते. कळवळ्यानेच केले हो, त्यात खोट नव्हती. पण त्यानंतर जो तो मावशीच्या आधी छातीकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. मावशीने येणंजाणं तोडलं. ती गेली हेसुद्धा माईला परक्यांकडून कळलं.

माई रडली, फणफणली, आणि शेवटी कर बाई काय करायचं ते, म्हणून मोकळी झाली.

तीन महिने गेले. नवीन कंपनीबद्दल एक तक्रार नाही. गिऱ्हाइकं उलट वाढली. माईला मात्र करमेना. क्रमांक सदतीसबद्दल शेजारणीला सांगणार काय, कप्पाळ? लेकीचं येणंही लांबत चाललं होतं. काम फार आहे, म्हणायची.

मग एका सकाळी क्रमांक एक्केचाळीस आला. उजवी बाजू, पूर्ण काढलेली. घेर चौतीस. खाली सूचना होती: डावा पट्टा अर्धा इंच बाहेर घ्यावा, हाडावर काचतो. आतून दुहेरी मलमल लावावी.

माईचा हात थांबला. गिऱ्हाइकं असं लिहीत नाहीत. पट्टा टोचतो, काहीतरी करा, एवढंच त्यांना लिहिता येतं. नऊ वर्षांची असताना लेक झोपाळ्यावरून पडली होती; गळ्याखालचं डावं हाड मोडलं आणि जरा वर येऊन जुळलं. शाळेच्या गणवेशापासून नोकरीच्या पहिल्या शर्टापर्यंत माईने प्रत्येक कपड्यात तो खांदा अर्धा इंच बाहेर घेतला होता आणि आतून दुहेरी मलमल लावली होती. पोरीने दुसरीकडे कधी शिवलंच नव्हतं.

माईने सूचना पुन्हा एकदा वाचली. कडक कायद्याची कंपनी, क्रमांक, केंद्रावरचं पार्सल, हे सगळं कुणापासून लपायला होतं ते तिला आत्ता कळलं. लेकीला आईच्या हातची ब्रा हवी होती, आई नको होती. दवाखान्यात तिच्या उशाशी कोण बसलं असेल? माईने दोनदा फोन उचलला आणि दोनदा खाली ठेवला. बोलले तर हीसुद्धा तोडेल, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

तीन दिवस माई ती एकच ब्रा शिवत होती. मधे भावजयीचा फोन आला, काय विशेष, असं तिने विचारलं. काही नाही, माई म्हणाली.

पार्सल केंद्रावर पोचलं त्या संध्याकाळी लेकीने फोन केला. आवाज थकलेला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "नवीन कंपनीचं ठीक चाललंय ना?"

"झकास," माई म्हणाली. "कोण घेतंय, मला काही म्हणजे काही कळत नाही."

पलीकडे लेकीने सुटकेचा निःश्वास सोडला. तो माईला स्पष्ट ऐकू आला.