पडल्यावर

बेडशाच्या माळावर भरदुपारी मेटल संगीताच्या बँडनं आवाज चढवला आणि स्टेजपुढची पोरं एकमेकांवर तुटून पडली. बंदोबस्ताला नेमलेला टाकव्याचा पैलवान महिपती त्यांना सोडवायला आत घुसला. बरगडीत दोन ढोपरं बसल्यावर त्याचंही डोकं फिरलं. समोर आलेल्या चष्मेवाल्या पोराच्या तोंडावर त्यानं कोपर हाणलं. पोरगा रक्तबंबाळ होऊन कोसळला.

त्याबरोबर आजूबाजूचे सगळे हात वर झाले. गिटार थांबली. आता ही शेदीडशे पोरं आपल्याला तुडवणार म्हणून महिपतीनं मुठी आवळल्या. पण त्याच्याकडं कुणी बघितलंही नाही. चौघांनी पोराला उचलून उभं केलं, एका मुलीनं चष्मा शोधून, पुसून त्याच्या हातात दिला.

"आरं, आत्ता तर एकमेकाला मारीत व्हता की," महिपती म्हणाला.

नाकाचं रक्त पुसत पोरगा हसला. "मारामारी नाही, नाच आहे तो. कुणी पडलं की थांबायचं, काका. एवढा एकच नियम आहे."

महिपतीनं आवळलेल्या मुठी सोडल्या. मागच्या बाजारात चोर समजून धरलेला माणूस हात जोडत खाली पडला होता. गावानं त्यानंतरच लाथा घालायला सुरुवात केली होती, आणि पहिली लाथ महिपतीची होती.